पूज्यावर एक

वेलचेरी, १२ ऑक्टोबर २०२५

रंजनी,

मायना काय लिहावा यातच सकाळचा अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू पत्र फाडशील, 'सौ.' लिहिलं तर दोनदा फाडशील. म्हणून नुसतं नाव. फोनवर तू मला बंद केलं आहेस, मेलला उत्तर येत नाही, तेव्हा कागदच उरला. पत्ता त्र्यंबकमामांकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी फारच गळ घातली. मराठी तू सावकाश वाचतेस हे ठाऊक आहे. बरंच आहे, घाईने वाचण्यासारखं यात काही नाही.

अम्मा आजारी आहेत. मागच्या महिन्यात जिन्यातच दम लागून बसल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या राजसबाईंनी मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, हृदय पंचवीस टक्केच काम करतंय. पाय सुजलेत. मीठ बंद, पाणी मोजून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी याहून जास्त काही करण्यासारखं नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी ऑफिस सुटलं की रोज मैलापूरला जातो. गोळ्यांचा डबा भरतो, वजन लिहून ठेवतो, थोडा वेळ बसतो. पाय चेपू देत नाहीत. जावयाने सासूच्या पायाला हात लावायचा नसतो म्हणे. मुलगी दोन वर्षं फिरकली नाही आणि जावई मात्र मुलासारखा करतो, असं राजसबाई येईल-जाईल त्याला सांगतात. ते सुरू झालं की मी चपला घालायला लागतो.

तू त्यांना एक फोन कर. माझं एवढंच मागणं आहे. माझ्याशी बोलू नकोस.

आणि आता एकदा ते फेब्रुवारी २०२३ चं. तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो आहे, कारण तेव्हा तू मला बोलूच दिलं नाहीस. त्या जर्मन कंपनीने तुला एकसष्ट हजार युरो देऊ केले होते, वर्षाचे. ओरगडमला नऊ वर्षं तू गाड्यांच्या बॅटऱ्या तापवून, दाबून, फोडून तपासत होतीस आणि तुझ्या हाताखाली शिकलेली मुलं तुझे साहेब झाली होती. ती नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता, हे मला कळत होतं. पंधरा दिवस तू घासाघीस करायला शिकलीस. तुमच्या घरात आपल्या तोंडाने आकडा काढणं म्हणजे कमीपणा. देणारा ताटात ठेवतो आणि घेणारा न बघता उचलतो. तू आरशासमोर उभी राहून इंग्रजीत 'सेव्हंटी टू' म्हणायचा सराव करायचीस आणि 'टू'पर्यंत येता येता तुझा आवाज बसायचा. मी हसायचो. तूही हसायचीस. शेवटी त्यांच्या एचआरच्या बाईंनी कळवलं, की एकच आकडा लिहून पाठवा, एकदाच, शुक्रवारी तुमच्या संध्याकाळपर्यंत.

गुरुवारी जेवताना अम्मांचा फोन होता, तू स्पीकरवर ठेवला होतास. त्या म्हणाल्या, "शेवटास पूज्य ठेवूं नको गे. वर एक घाल. पूज्यानें संपलें तें तिथेंच संपतें." पूज्य म्हणजे शून्य, हे मला पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तुमच्या मराठी घरात आल्यावर कळलं, मिरजेला आम्ही पूज्य फक्त वडिलांच्या नावामागे लिहितो. एकशे एक, पाचशे एक, आहेर असाच द्यायचा, हे आमच्याकडेही आहे. तू म्हणालीस, "अम्मा, हा आहेर नव्हे, संबळम आहे." पगार म्हटला की तुझ्या तोंडी तमिळच यायचं. मग दोघी हसलात आणि विषय संपला.

शुक्रवारी तू ओरगडमला. गेटवर तुमचे फोन काढून घेतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन तू मला सांगितलंस, मसुदा तयार आहे, बहात्तर हजार लिही आणि पाठवून दे. मी घरीच असायचो तेव्हा. आमचा कारखाना बंद पडून सहा महिने झाले होते. चार वाजता अम्मांचा फोन आला. रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, वर एक घालाच, तुम्हांला माझी शपथ आहे. मला वाटलं, एका युरोने काय बिघडतंय? म्हाताऱ्या माणसाचं मन राहील. मी ७२,००१ लिहिलं आणि पाठवलं. माझा अपराध एवढाच.

बहात्तर हजारांपर्यंत विभागप्रमुख सही करू शकत होते. एक युरो वर गेला म्हणून कागद समितीकडे गेले. समिती महिन्याने बसली आणि तिने बाहेरच्या देशांतली सगळी भरतीच थांबवली. तुझ्या टेबलाशेजारच्या अदितीने त्याच कंपनीकडे सत्तर हजार मागितले होते. तिला आठ दिवसांत पत्र आलं आणि ती गेली. नकार आला त्या दिवशी तू मैलापूरला जाऊन अम्मांना म्हणालीस, "तुझ्या त्या एकानें माझा गळा कापला." त्यानंतर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. माझ्याशी सात महिने बोललीस, भाजी आणि गॅसपुरतं, आणि मग निम्म्याहून कमी पगारावर, मुकादमाच्या हाताखाली, स्लोव्हाकियातल्या त्या गावात वेल्डिंगचे जोड तपासायला निघून गेलीस.

अम्मांनी ते वाईट हेतूने केलं नव्हतं. एवढं लक्षात घे आणि फोन कर.

मंदार


वेलचेरी, ९ नोव्हेंबर २०२५

रंजनी,

उत्तर नाही. पोस्टातला माणूस म्हणाला पंधरा-वीस दिवस लागतात, तेव्हा पोचलं असेल असं धरून चालतो.

इथे पाऊस लागला आहे. इशारा आल्याबरोबर सोसायटीतल्या सगळ्यांनी आपापल्या गाड्या पुलावर नेऊन लावल्या, मीही स्कूटर नेली. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. दोन दिवस मैलापूरला जाता आलं नाही आणि अम्मांनी त्या दोन दिवसांत पाण्याची गोळी चुकवली. आता पुन्हा सूज आहे.

एक सांगायचं होतं. गेल्या आठवड्यात त्र्यंबकमामांच्या नातवाचं लग्न झालं, मैलापुरातच, म्हणून अम्मांना खुर्चीत बसवून नेलं. निघताना आहेराचं पाकीट भरत होत्या. पाचशेची नोट घातली आणि पाकीट चिकटवायला लागल्या. राजसबाईंना वाटलं, विसरल्या. त्यांनी आपल्या कमरेच्या पिशवीतून रुपयाचं नाणं काढून पुढे केलं. अम्मांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "माझा एक कुणास बाधूं नये." राजसबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीतून रिक्षा आली का ते बघत होतो.

नंतर कळलं की दोन वर्षं असंच चाललं आहे. देवळातल्या ताटात, मुंजीत, बारशाला, सगळीकडे नुसता पुरा आकडा. तुमच्या नात्यातली माणसं चार तोंडांनी बोलतात. अम्मांचं नाव घेऊन, कृष्णवेणीचं डोकं फिरलं, असंही कुणी म्हणालं म्हणे. मला वाटलं तुला हे ठाऊक असावं.

परवा गोळी देत होतो तेव्हा अचानक म्हणाल्या, "मंदार, मीं त्या शुक्रवारीं तुम्हांस फोन केलेला खरा काय? गुरुवारचें आठवतें मला. रंजनी हंसली तेंही आठवतें. शुक्रवारचें कांहीं केल्या आठवत नाहीं."

मी म्हटलं, केला होता अम्मा, चारच्या सुमाराला.

"सेरी, बरें," म्हणाल्या. "तुम्हीं म्हणतां म्हणजे केला असेन." आणि मग बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. या वयात विसरायला होतं. मी टीव्ही लावून दिला.

आणखी एक गोष्ट राहून जाते. तुझ्या मामांना वाटतं, मला तुझ्याबरोबर परदेशी यायचंच नव्हतं. मी नवरा म्हणून मागे मागे जाणार, याचं मला वाईट वाटत होतं, असं ते कुणाकडे तरी बोलले. तसं काही नव्हतं. मार्चमध्ये पुण्याला माझी एक मुलाखत होती, एवढंच. तीही फुकट गेली. तेलही गेलं, तूपही गेलं. पण तू त्यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

फोन कर. संध्याकाळी सहानंतर मी तिथे असतो, मी उचलून त्यांच्या हातात देईन आणि गॅलरीत जाईन.

मंदार


मैलापूर, ७ डिसेंबर २०२५

रंजनी,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाच ओळी आहेत, पण त्या मला पाठ झाल्या. 'अम्माला सांग. तिने स्वतः एकदा म्हणावं, माझं चुकलं. काय चुकलं ते म्हणावं. मग मी फोन करते. तुझ्याशी बोलायला माझ्याकडे काही नाही, औषधांचे पैसे मामांकडे पाठवले आहेत.'

मी ते अम्मांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळली. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला मुलगी कबुलीजबाब मागते, आमच्या मिरजेत यावरून दोन पिढ्या बोलल्या नसत्या. त्या मात्र उठूनच बसल्या. म्हणाल्या, कागद आणा.

लिहायला घेतलं पण हात थरथरतो. मग मला सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. मी म्हटलं, अम्मा, नुसतं 'चुकलं' लिहू, फोनबिन कशाला, तिला ठाऊक आहेच. तर मला म्हणाल्या, "काय चुकलें तें आपल्या तोंडानें सांगावें लागतें. त्यावांचून क्षमा नसते." मग मी फोनचंही लिहिलं.

तो कागद सोबत आहे. आधी आपल्याशीच पुटपुटून मग मला सांगत होत्या, म्हणून काही शब्द खोडले आहेत. मजकूर इथे पुन्हा उतरवतो, कारण माझं अक्षर नेहमीसारखं आलेलं नाही आणि तुला लागायचं नाही.

'चि. रंजनीस अम्माचा आशीर्वाद. मीं त्या शुक्रवारीं मंदारांस फोन करून, शपथ घालून, वर एक घालावयास लाविलें. तुझ्या संबळमांत माझें काय काम होतें. माझ्या समजुतीपायीं तुझें गेलें. माझें चुकलें. राग धरूं नको असें म्हणत नाहीं. एकदां बोल.'

सही त्यांची स्वतःची आहे. मग मला विचारलं, "लिहिलेंत सगळें? शपथेचेंही?" मी म्हटलं, लिहिलं. त्यांनी कागद घेऊन डोळ्यांजवळ धरला, मग माझ्या हातात परत दिला आणि झोपल्या. राजसबाई म्हणाल्या, आज पहिल्यांदा उशी उंच न करता झोप लागली.

कुरियरने पाठवतो आहे, पाच दिवसांत पोचेल. डॉक्टरांनी या वेळी आपण होऊन सांगितलं, न विचारता. आठवडे म्हणाले, महिने म्हणाले नाहीत. तेव्हा वेळ लावू नकोस.

मंदार


मैलापूर, २६ डिसेंबर २०२५

रंजनी,

त्र्यंबकमामांनी तुला कळवलंच आहे. परवा पहाटे. त्रास झाला नाही. तुझा रहिवासाचा परवाना नूतनीकरणात अडकला आहे आणि आत्ता देश सोडलास तर परत घेणार नाहीत, हे मामांनी सगळ्यांना समजावलं.

अग्नी मी दिला. मुलगा नाही, तर जावई मुलासारखाच, असं मामा म्हणाले. मी नको म्हणत होतो. त्यांनी कारण विचारलं, ते मला सांगता आलं नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावर मडकं दिलं.

मंदार


वेलचेरी, १९ जानेवारी २०२६

रंजनी,

तुझं पत्र शनिवारी आलं. चार पानं, सगळी मराठीत. तुला किती वेळ लागला असेल ते पानापानांवरच्या खाडाखोडीवरून दिसतं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तू लिहिलं आहेस की जे तुला करता आलं नाही ते मी केलं. की तू माझ्यावर अन्याय केलास. शपथ घातलेल्या सासूला कुठला जावई नाही म्हणेल? की शेवटच्या फोनमध्ये अम्मांचा आवाज ऐकला आणि दोन वर्षांची गाठ सुटली. की आता आपण पुन्हा सुरुवात करू, ब्रातिस्लाव्हात तुला पक्की नोकरी लागते आहे, नवऱ्यासाठी व्हिसाचा फॉर्म सोबत जोडला आहे, खूण केली आहे तिथे सही करून पाठव. पेन्सिलीने तू फुली मारली आहेस. तुझ्या फुल्या नेहमी अशाच, एक पाय लांब.

चार वाजता फोन आला नव्हता.

आता हे लिहिलं आहे तर पुढचं लिहिणं सोपं जावं असं वाटलं होतं, तसं होत नाही. पण लिहितो.

त्या शुक्रवारी अम्मांनी मला फोन केला नाही, शपथ घातली नाही, रडल्या नाहीत. गुरुवारी जेवताना जे बोलल्या तेवढंच, आणि त्यावर तुम्ही दोघी हसलात. कंपनीने पाठवलेलं ते अकरा पानांचं नियमांचं पत्रक तू मला वाचायला दिलं होतंस, कारण तू दमून यायचीस आणि मी रिकामा होतो. चौथ्या पानावर लिहिलं होतं की बहात्तर हजारांपर्यंत विभागप्रमुख, त्याच्या वर समिती, आणि समिती महिन्यातून एकदा. मी तुला म्हणालो, बहात्तर ही वरची हद्द आहे, तेवढे माग. हद्दीपलीकडे काय होतं ते सांगितलं नाही. आधी सांगायचं राहून गेलं, नंतर ठेवून दिलं.

तुझा फोन दीड वाजता आला. मी लॅपटॉप उघडून चार वाजेपर्यंत बसलो होतो. तुझा मसुदा समोर होता, फक्त आकड्याची जागा मोकळी. मी आधी ७२,००० लिहिलं. मग पुसलं. अम्मांचं बोलणं आठवलं आणि मला आयतीच सबब सापडली. शून्याच्या जागी एक. कुणी विचारलं तर म्हाताऱ्या बाईची समजूत. करून-सवरून नामानिराळा.

मला एक महिना हवा होता. समितीकडे जाईल, महिनाभर पडून राहील, तोवर माझी पुण्याची मुलाखत होईल आणि ती नोकरी लागली तर आपण दोघं समोरासमोर बसून ठरवू, असा माझा हिशेब होता. मी तुझ्या मागून जाणारा माणूस म्हणून विमानात बसणार नव्हतो. आमचे बाबा मिरजेला सगळ्यांना सांगत होते की सुनेला जर्मनीला बोलावलंय, आणि मंदार? मंदार पण जातोय. तो 'पण' मला सहन होत नव्हता.

हेही अर्धंच आहे. नकाराचा मेल आला तेव्हा तू आतल्या खोलीत जाऊन दार लावलंस. मी स्वयंपाकघरात गेलो आणि दहीभात कालवून पोटभर जेवलो. सहा महिन्यांत मला तशी भूक लागली नव्हती. मला हलकं वाटत होतं, रंजनी. वाईट वाटायला नंतर सुरुवात झाली, आणि ते वाईट वाटणंही पुष्कळसं पकडले जाण्याच्या भीतीचं होतं.

तू बाहेर येऊन विचारलंस, हा एक कुठून आला? तेव्हा शपथेचा फोन माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. तू मैलापूरला गेलीस. तू पोचायच्या आधी मी अम्मांना फोन केला. म्हणालो, अम्मा, तुम्ही शुक्रवारी फोन करून आग्रह केलात ना, त्यावरून रंजनी चिडली आहे, तुम्ही उलट बोलू नका. त्या म्हणाल्या, मीं केला फोन? मी म्हटलं, असं काय करता, चार वाजता नाही का केला. तू जाऊन ओरडलीस तेव्हा त्या गप्प बसल्या, तुला ते कबुलीसारखं वाटलं. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. दोन वर्षं करत होत्या. दर दोन-चार महिन्यांनी विचारायच्या, आणि दर वेळी मी वेळसुद्धा सांगायचो.

ज्या दिवशी मी त्यांचं माफीपत्र लिहून घेतलं, त्या दिवशी मला थांबता आलं असतं. काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगावं लागतं, हे त्या मला सांगत होत्या आणि मी पेन घेऊन बसलो होतो. मी विचार केला, आता बोललो तर त्यांना या अवस्थेत धक्का बसेल. बघ, तेव्हाही मी त्यांच्याच आजाराआड लपलो. खरं म्हणजे तुझं कार्ड आलं होतं, तू फोन करणार होतीस, आणि सगळं माझं नाव न येता मिटणार होतं.

फॉर्म या पाकिटात परत पाठवतो आहे. सही केलेली नाही. मामांना मी उद्या सांगणार आहे, राजसबाईंनाही. नात्यात अम्मांच्या मागे काय काय बोललं गेलं ते एकेकाच्या घरी जाऊन खोडून काढता येईल का माहीत नाही, पण जाणार आहे. तू मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. वकिलाचे कागद पाठवलेस तर त्यावर ताबडतोब सही करीन.

एकवीस डिसेंबरच्या फोनचं मात्र तुला सांगायला हवं. तू तेवढंच ऐकलंस जेवढं तुझ्या बाजूला ऐकू आलं. मी गॅलरीत गेलो नव्हतो. दाराशी उभा होतो. अम्मांना उजव्या कानाने थोडं ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज पूर्ण वाढवला होता आणि मला सगळं कळत होतं. तू आधी रडलीस. त्या म्हणाल्या, जेवलीस काय, थंडी फार काय. मग तू ते माफीचं म्हणालीस. त्यांनी "हां, हां" केलं, ते तुला बरं वाटावं म्हणून. त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी मला हाक मारली.

आधी मलाच समजावलं. म्हणाल्या, "तुम्हीं मनास लावून घेऊं नका. तुम्हीं काय कराल, मीं शपथ घातली म्हणून एक घातलांत." मग म्हणाल्या, "शेवटास ती काय म्हणाली? नीट ऐकूं आलें नाहीं."

मी म्हटलं, "माफ केलं म्हणाली."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मी निघायला म्हणून पिशवी उचलली, तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. मी जवळ गेलो, त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो आणि मोठ्याने म्हटलं, "अम्मा, रंजनीने तुम्हाला माफ केलं."

मंदार